वाडा, चाळ आणि वर्षाची बेगमी

बेगमी म्हणजे पुढच्या दिवसांची आधीच करून ठेवलेली तरतूद. पुण्या-मुंबईच्या मराठी घरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शब्दाला अगदी ठरावीक अर्थ होता : मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे साधारण ७ जूनच्या आत, वर्षाचे धान्य, तिखट-मसाले, लोणची आणि पापड-कुरडया घरात भरून झाल्या पाहिजेत. खेड्यात धान्य शेतातून येई, शहरात ते बाजारातून आणावे लागे. पण ते टिकवायचे, दळायचे, कांडायचे, वाळवायचे सगळे काम शहरातही घरच्या बायकांच्याच हातून होई.

या तरतुदीमागे हौस कमी आणि पावसाळ्याचा धाक जास्त होता. चार महिने ऊन नाही, वाटा चिखलाच्या, भाज्या महाग, समुद्र बंद. शिवाय सुगीनंतर धान्य स्वस्त असे आणि पुढे भाव चढत जात. म्हणून होळीनंतर नवा गहू बाजारात आला की वर्षभराचा गहू एकदमच घेतला जाई. तो निवडायचा, चौकात किंवा गच्चीवर दोन-तीन उन्हे द्यायची, एरंडेल चोळायचे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायचा. जुन्या वाड्यांत यासाठी भिंतीतच बळद ठेवलेले असे. चाळीतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते शक्य नसल्याने कोठ्या पलंगाखाली आणि माळ्यावर गेल्या.

खरा उद्योग चालायचा तो चैत्र-वैशाखात, वाळवणाचा. सांडगे, कोंड्याच्या पापड्या, मिरगुंडे, साबुदाण्याच्या चिकवड्या, बटाट्याचा कीस, भरलेल्या सांडगी मिरच्या, पाटावर वळलेल्या शेवया अशी यादी घरोघर थोडी निराळी असे. त्यांत सर्वांत कष्टाची कुरडई. त्यासाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचे. मग ते पाट्यावर वाटून, चोथा पिळून काढून, पांढरा चीक भांड्यात रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचे पाणी ओतून टाकायचे आणि मीठ-हिंग घातलेल्या आधणात चीक सोडून गुठळी न होऊ देता घाटायचा. हे घाटणे म्हणजे मनगटाची परीक्षा. उन्हे चढायच्या आत गरम चीक सोऱ्यात भरून धुतलेल्या जुन्या धोतरावर कुरडया घालून झाल्या पाहिजेत. भांड्याला लागलेला चीक दूध-साखर घालून मुलांना मिळे. त्या बदल्यात दिवसभर काठी घेऊन कावळे हाकलायचे आणि वळवाची सर आली तर सगळे वाळवण उचलून आत पळायचे, ही मुलांची नोकरी.

पापडांचे काम एकटीच्या आवाक्यातले नव्हते. उडदाच्या डाळीचे पीठ पापडखार, हिंग आणि मिरी घालून घट्ट भिजवायचे, तेलाचा हात लावून कुटायचे, त्याच्या लाट्या करायच्या. वाड्यातल्या किंवा मजल्यावरच्या बायका आपापले पोळपाट-लाटणे घेऊन येत. आज एकीचे पापड, उद्या दुसरीचे. मजुरी नसे, हिशेब मात्र पक्का असे : जिच्याकडे जाऊन लाटले, तिने आपल्याकडे यायचेच.

मसाल्यात जातीपातींचा आणि वस्तीचा फरक ठळक होता. पुण्याच्या ब्राह्मणी घरांत धने, तीळ, सुके खोबरे, दगडफूल यांचा गोडा मसाला. कोळी-आगरी घरांत तिखटजाळ लाल मसाला. वांद्र्या-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत एप्रिल-मे महिन्यांत कांडपिणी घरोघर जाऊन लांब उखळांत मसाला कुटत. तो रिकाम्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरत, म्हणून त्याचे नावच बॉटल मसाला पडले. मुंबईच्या कोळीवाड्यांत याच दिवसांत वलांडीवर बोंबील वाळत आणि सुकट, सोडे डब्यांत जात. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावरच असत. गोव्यात या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून आलेला. मे महिन्याच्या अखेरीस मडगावात होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला मिरच्या, सुकी मासळी, आमसुले यांचा मोठा बाजार भरतो, त्याला पुरुमेंताचे फेस्तच म्हणतात.

लोणचे सर्वांत शेवटी. कैरी निबर होऊन आत बाठ धरली की फोडी करायच्या, मीठ-हळद लावायची, मोहरीची डाळ, मेथी, हिंग आणि थंड केलेले तेल घालून चिनीमातीच्या बरणीत भरायचे, तोंडाला दादरा बांधायचा. बरणीला कोणी, कधी आणि कसल्या हाताने शिवायचे याचे नियम कडक होते. त्यांतले काही सोवळ्याचे आणि काही निव्वळ बुरशीच्या भीतीचे. दोन्हींची सरमिसळ झालेली होती.

पावसाळा हा खर्चाचा काळ. आषाढात कांदेनवमीला कांद्या-लसणाचे पदार्थ करून चातुर्मासापुरता त्यांना निरोप दिला जाई. भाजीचा तुटवडा सांडगे आणि डाळी भरून काढत. वाड्याच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू माजे. कढीलिंब, शेवगा आणि केळ तिथेच असे. चाळीत परस नव्हते; तिथे गॅलरीच्या कठड्यावर डालडाच्या रिकाम्या डब्यांतून तुळस, ओवा, गवती चहा उगवत. हिवाळ्यात काम हलके होई : आवळ्यांचा मोरावळा, मेतकूट, डिंकाचे लाडू आणि दुपारी जुन्या लुगड्यांची गोधडी.

ही विद्या सासू-सुनांच्या तोंडी चाले. ती छापील झाली ती लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० मधल्या ‘गृहिणी-मित्र’सारख्या पुस्तकांनी. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले तेव्हा सासूपासून दूर संसार थाटलेल्या मुलींना वाटी-चमच्याच्या मापांचे पुस्तक हवेच होते.

बेगमीला पहिला धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि धान्य आठवड्याच्या मापाने मिळू लागले. वर्षाची कोठी भरणार कशी? पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे, त्यांच्या चौकांसकट, गेले. पुढे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. गच्ची सगळ्यांची झाली, म्हणजे कोणाचीच राहिली नाही. बायका कचेरीत जाऊ लागल्या आणि तीन दिवस गहू भिजवायला घरी कोणी उरले नाही.

दुकानदारांनी ही पोकळी आधीच हेरली होती. गिरगावात १९१० मध्ये किराणा दुकान काढलेले बेडेकर पुढे लोणच्या-मसाल्यांसाठी ओळखले गेले. पुण्यात चोरडिया कुटुंबाने १९६२ मध्ये प्रवीण मसाले सुरू केले. पण सर्वांत मोठी उलथापालथ गिरगावातल्याच एका गच्चीवर झाली. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन तिथे पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. त्यातूनच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. रीत मात्र जुन्या वाळवणाचीच राहिली. भिजवलेले पीठ केंद्रातून न्यायचे, घरी लाटायचे, वाळवलेले पापड परत आणून तोलून द्यायचे. शेजारणीच्या पापडांना जी मजुरी कधीच नव्हती, ती इथे किलोवर मिळू लागली.