सेवा, ग्राहक आणि नीतिसंहिता : मद्रास उच्च न्यायालयाचा १९९४ चा निर्णय

वैद्यकाची नोंदवही ठेवणारा कायदा मुंबई प्रांतात १९१२ मध्ये आणि मद्रास प्रांतात १९१४ मध्ये झाला. त्यामागील गृहीतक असे होते, की गैरवर्तनाचा न्याय समव्यवसायिकांनीच करावा. नीतिसंहिता ही कायद्याच्या आधाराने उभी असली, तरी तिचा अर्थ लावण्याचा अधिकार व्यवसायाकडे राहिला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने या व्यवस्थेला धक्का दिला, आणि त्याची पहिली मोठी कसोटी मद्रास उच्च न्यायालयात लागली.

सुब्रमणियन विरुद्ध कुमारस्वामी या प्रकरणात १९९४ मध्ये त्या न्यायालयाने निर्णय दिला, की निदान व उपचार, मग ते औषधाने असोत वा शस्त्रक्रियेने, या कायद्यातील ‘सेवा’ नव्हेत आणि रुग्ण ‘ग्राहक’ नव्हे. रुग्णालयातील निमवैद्यकीय सेवांना मात्र हे संरक्षण मिळाले नाही. म्हणजे एकाच छताखाली तंत्रज्ञाचे काम सेवा ठरले आणि डॉक्टरांचे तिच्या पलीकडचे! व्यवसायाच्या प्रतिष्ठेची रेषा कोठे ओढली जात होती, हे या भेदातून जितके स्पष्ट होते तितके इतर कशातूनही होत नाही.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शांता प्रकरणात हे मत अमान्य केले. वैद्यक परिषदेची शिस्त आहे म्हणून निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटका होत नाही, कारण त्या शिस्तीने डॉक्टरांना शिक्षा होईल, पण पीडित रुग्णाच्या हाती काही पडत नाही. सर्वांना सरसकट विनामूल्य दिलेले उपचार तेवढे वगळले गेले. या निकालाचा कणा एका इंग्रजी शब्दयोगी अव्ययावर उभा आहे : ‘सेवेचा करार’ आणि ‘सेवेसाठीचा करार’. पहिल्यात मालकाचे नियंत्रण, दुसऱ्यात स्वतंत्र कौशल्य. मराठीत हा भेद कृत्रिम वाटतो. आपल्या ‘सेवा’ शब्दात चाकरी, शुश्रूषा आणि भक्ती एकत्र नांदतात. ‘ग्राहक’ म्हणजे नुसता घेणारा. मद्रासमध्ये बोलल्या जाणाऱ्या तमिळमधील ‘तोळिल’ हा शब्द तर धंदा व व्यवसाय या दोहोंना चालतो. ज्या भेदावर खटला लढला गेला, तो पक्षकारांच्या भाषेत सहजासहजी मांडता येत नाही, ही बाब तौलनिक अभ्यासकांनी दुर्लक्षू नये.

दरम्यान संहिताही बदलत राहिली. २००२ ची विनियमावली बदलण्यासाठी २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम आले, ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनीच संहिता पुन्हा लागू झाली. ग्राहक कायदाही २०१९ मध्ये नवा झाला. त्यात आरोग्यसेवेचा उल्लेख नाही म्हणून डॉक्टर सुटले, हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला.

वकिलांची गोष्ट वेगळी ठरली. १४ मे २०२४ च्या निर्णयानुसार अशिलाचे वकिलावर थेट नियंत्रण असते, म्हणून तो करार व्यक्तिगत सेवेचा आणि ग्राहक कायद्याच्या बाहेरचा. मद्रासचा १९९४ चा विचार असा तीस वर्षांनी दुसऱ्या दारातून परतला. त्याच निकालात शांता निर्णयाच्या फेरविचाराची सूचना होती. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने तिची आवश्यकता नाकारली आणि इतर व्यवसायांचा प्रश्न योग्य प्रकरणासाठी मोकळा ठेवला.