एसडीए, व्हीडीए आणि डिस्कचा पत्ता

आज डिस्कच्या नावांबद्दल बोलूया. विषय रुक्ष वाटेल, पण फॉरमॅटची कमांड एका अक्षराने चुकली तर भलत्याच डिस्कवरचा डेटा जातो.

जुन्या लिनक्समध्ये आयडीई डिस्कचं नाव हाच तिचा पत्ता होता. पहिल्या केबलवरची मास्टर एचडीए, स्लेव्ह एचडीबी. दुसऱ्या केबलवर एचडीसी आणि एचडीडी. मधली डिस्क काढली तरी बाकीच्यांची नावं हलायची नाहीत. स्कझीचं तसं नव्हतं. आधी सापडली ती एसडीए, पुढची एसडीबी. म्हणजे रेशनची रांगच, पुढचा गेला की मागचा सरकला! २००७ च्या सुमारास आयडीई डिस्कही याच एसडी रांगेत आल्या. उतारा होता यूडेव्हचा, २००३ मधला. त्याच्यामुळे डिस्कला सिरीयल नंबरवरून किंवा यूयूआयडीवरून टिकाऊ टोपणनाव मिळायला लागलं.

२००७ मध्येच केव्हीएम कर्नलमध्ये आलं, पाठोपाठ व्हर्टआयओ, आणि नवं नाव आलं व्हीडीए. आता गंमत बघा. खऱ्या डिस्कवर सिरीयल नंबरचा स्टिकर असतो. इथे डिस्क म्हणजे बऱ्याचदा होस्टवरची एक फाइल. मग नंबर कोण देणार? क्यूईएमयू आयडीई डिस्कला क्यूएम००००१ असा नंबर आपणच चिकटवतं, त्यामुळे दहा व्हीएममध्ये तोच नंबर दिसू शकतो. व्हर्टआयओला तर आपण दिला नाही तर नंबरच नसतो.

लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये टार्गेट म्हणून आपण व्हीडीबी लिहितो, आणि बहुतेकांना वाटतं की आत तेच नाव मिळणार. नाही! तो फक्त क्रमाचा इशारा आहे. आत काय नाव पडेल ते गेस्टचं कर्नल ठरवतं. जागा पक्की करायची तर अ‍ॅड्रेस टॅगमध्ये पीसीआय स्लॉट लिहायचा, ओळख पक्की करायची तर सिरीयल टॅग.

"यूयूआयडी आहे की!" असं कुणी म्हणेल. पण तो डिस्कच्या आतल्या फाइल सिस्टममध्ये असतो. डिस्क क्लोन केली की तोही क्लोन होतो, आणि दोन्ही डिस्क एकाच व्हीएमला जोडल्या तर एकाच नावाच्या दोघी हजर! सिरीयल नंबर बाहेरून दिलेला असतो, म्हणून मला तोच भरवशाचा वाटतो. फक्त व्हर्टआयओ ब्लॉक डिस्कमध्ये त्याला २० अक्षरांचीच जागा आहे. ३६ अक्षरी आयडी दिला तर शेपूट कापलं जातं, तेव्हा वेगळेपणा पहिल्या २० अक्षरांतच ठेवा.