नांगराच्या कारखान्यातून निघालेली ‘स्त्री’

पलूसहून किर्लोस्करवाडीकडे निघालं की ऊस लागतो, द्राक्षांचे मांडव लागतात आणि मग कारखान्याची भिंत. पंपांचा कारखाना म्हणून ही जागा देशभर ठाऊक आहे. स्टेशनाचं नाव आधी कुंडल रोड होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये लोखंडी नांगरांचा कारखाना इथे आणला तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेली ही जमीन म्हणजे निवडुंगाचं रान होतं. त्याच आवारातल्या छापखान्यातून 1930 मध्ये ‘स्त्री’ हे मासिक निघालं. बायकांच्या वाचण्या-लिहिण्याचं एवढं मोठं दालन पुण्या-मुंबईला सोडून या माळावर का उघडलं, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

छपाई या मुलखाला नवी नव्हती. इथून फार लांब नसलेल्या मिरजेत 1805 मध्ये भगवद्गीता छापली गेली. नाना फडणविसांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून घ्यायला सुरुवात केली होती. नाना गेले आणि ते काम मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने तडीला गेलं. पण आख्खं पान उलट्या अक्षरांत कोरायचं म्हणजे एका पत्र्यावर एकच मजकूर. त्या पत्र्यावर दुसरं काही उमटत नाही. इतक्या कष्टाने काय छापायचं, तर जे आधीच पवित्र ठरलेलं आहे ते. त्याच काळी इथल्या घराघरांत बायका पहाटे जात्यावर ओव्या रचत होत्या. त्या रचनेला कागद लागत नव्हता, आणि कागदालाही तिची गरज वाटत नव्हती. बाईची रचना छापायची तर अक्षरांचे सुटे खिळे हवेत, स्वस्त कागद हवा आणि खर्च सोसणारा कोणीतरी हवा.

पहिल्या दोन गोष्टी एकोणिसाव्या शतकात आल्या. तिसरी फार उशिरा आली. साताऱ्याकडच्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुल्यांची ‘काव्यफुले’ 1854 मध्ये निघाली. पुढच्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. मला या आकड्यांपाशी थांबावंसं वाटतं. इतकं जळजळीत पुस्तक, आणि त्याचं दुसरं छापील आयुष्य सुरू झालं ते 1975 मध्ये, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा. मध्ये 93 वर्षं गेली. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, पण ताराबाईंच्या हातून दुसरं पुस्तक झालं नाही. पुस्तक छापून होतं, तरीही ते बाईपर्यंत जात नाही. त्या काळी दुकानात जाऊन स्वतःसाठी पुस्तक विकत घेणारी बाई होती कुठे? नऊ आणे तिच्या हाती होते कुठे?

आता या परिसरातल्या दोन मुलींकडे येऊ. सागरेश्वराच्या डोंगराकडेला देवराष्ट्रे आहे. तिथे 1862 मध्ये कुर्लेकरांच्या घरी यमुना जन्मली. कृष्णेपलीकडच्या आष्ट्यात त्याच्या आदल्याच वर्षी बापटांच्या घरी काशी जन्मली होती. दोघींच्या मधोमध आजचा पलूस तालुका. दोघींची लग्नं लहानपणीच झाली आणि दोघींनाही अक्षर भेटलं ते सासरी. यमुनेची रमाबाई रानडे झाली. अकरा वर्षांच्या या मुलीला न्यायमूर्ती रानड्यांनी पाटीवर मुळाक्षरं गिरवायला लावली, आणि घरातल्या बायकांचे टोमणे खातच ती शिकली. काशीबाई कानिटकरही अशाच नजरा चुकवत वाचायला शिकल्या. पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली, ती 1903 मध्ये पुस्तकरूपाने आली. रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ निघालं ते 1910 मध्ये. तेच वर्ष, ज्या वर्षी त्यांच्या जन्मगावाजवळच्या माळावर नांगराचा कारखाना उभा राहत होता.

दोघींचं कर्तृत्व मोठं आहे. पण दोघींचंही लिहिणं पुण्या-मुंबईच्या वर्तुळातून, शिकलेल्या नवऱ्याचा हात धरून छापखान्यापर्यंत गेलं. मागे गावात राहिलेल्या त्यांच्या मैत्रिणींना तो हात मिळाला नाही.

खिळ्यांचा पसारा बाईच्या हाती आला तो केडगावात. पंडिता रमाबाईंनी आपल्या मुक्तिसदन या आश्रमात छापखाना घातला, तिथल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्याच हातून छापलं गेलं. ते 1924 मध्ये पुरं झालं, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. ज्यांना घरात ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हतं, अशा मुलींनी एवढा जाडजूड ग्रंथ शिशाच्या अक्षरांत उभा केला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या मुलींना याहून पुष्कळ जागा मिळायला हवी होती.

किर्लोस्करवाडीत छपाई आली ती नांगरामागून. नांगर विकायचा तर त्याची माहितीपत्रकं हवीत, शेतकऱ्याशी बोलणं हवं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, चित्रकलेचं शिक्षण घेऊन आलेले. जाहिरातीचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या बातम्या देणाऱ्या या पत्रिकेचं हळूहळू वाङ्मयीन मासिक झालं, नावातली ‘खबर’ गळून पडली. त्यानंतर 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’. लेखिका कितीही चांगली असली तरी तिच्या लिहिण्यामागे छापखान्याचं यंत्र, कागदाची रास आणि महिन्याच्या महिन्याला मजुरी भागवणारी पेढी उभी राहावी लागते. ती इथे नांगराच्या धंद्याच्या आधाराने उभी राहिली.

‘स्त्री’ हा एवढासा शब्द कंपोझिटर कसा जुळवत असेल? समोर खिळ्यांचे खण. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खणांवरून न बघता फिरतो. आधी अर्धा ‘स’, मग ‘त्र’, त्यावर दुसरी वेलांटी. अक्षरं डोक्यावर उभी आणि उलटी, वाचायची मात्र डावीकडून उजवीकडे. ओळ भरली की गॅलीत, गॅली भरली की प्रुफ. फर्मा छापून झाला की तेच खिळे सुटे करून आपापल्या खणात परत. ‘मन’ शब्दातला ‘न’ उद्या ‘नांगर’ शब्दात. पानंच्या पानं जुळवणाऱ्या या माणसांची नावं अंकात छापली जात नसत.

मासिकाने एक अशी गोष्ट केली जी पुस्तकाला करता आली नव्हती. ते टपालाने घरी आलं. बाईला दुकानात जावं लागलं नाही. पोस्टमन दारात अंक टाकून गेला की तो शिवणाच्या टोपलीत, डब्यांच्या फळीवर, उशाशी कुठेही राहू शकत होता. एक अंक शेजारणीकडे, तिच्याकडून तिच्या नणंदेकडे. आणि वाचता वाचता एखादीला वाटे, आपणही लिहावं. पत्ता तर अंकावरच छापलेला. आडगावच्या बाईला पुण्याच्या साहित्यिक मंडळींत ओळख काढायची गरज नव्हती; लिफाफ्यावर किर्लोस्करवाडी लिहिलं की पुरे. पाककृती आणि विणकाम यांच्या शेजारी विवाह, शिक्षण, विधवांचं जिणं हे विषय आले, त्याची जमीन या टपालाने केली. या मासिकांवर टीका करायला जागा आहे. त्यांची वाचक शिकलेली, बहुतेक पांढरपेशी होती, आणि उसात खुरपणारी पलूसची बाई त्यांच्या पानांत क्वचितच बोलली. तरी दार उघडलं होतं, आणि ते कारखान्याच्या बाजूने उघडलं होतं.

स्वतःचं नाव उघड करणं तेव्हाही सोपं नव्हतं. बाळूताई खऱ्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 मध्ये ह. वि. मोट्यांनी छापलं ते ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने, आणि ही बाई कोण यावर महाराष्ट्र पेटला. म्हणून दर महिन्याला नियमाने निघणाऱ्या अंकाचं मोल मला मोठं वाटतं. एका पुस्तकावर वादळ उठतं आणि विरतं. अंक पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

पुढे ही मासिकं पुण्याला गेली. तिथे 1983 मध्ये ‘स्त्री’च्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं.

देवराष्ट्र्याच्या रमाबाईंना ‘स्त्री’चा पहिला अंक पाहायला मिळाला नाही; त्या 1924 मध्ये गेल्या. आष्ट्याच्या काशीबाई मात्र होत्या. बायकांनी चालवलेल्या राज्याची कल्पना मांडणारी त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी 1928 मध्ये येऊन गेली होती. त्यांच्या जन्मगावासमोर, कृष्णेच्या दुसऱ्या तीरावर ‘स्त्री’ छापली जाऊ लागली तेव्हा त्या 69 वर्षांच्या होत्या.