झेडएफएसचा पेच : कर्नलबाहेरचे मॉड्यूल सांभाळायचे कोणी?

२००५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने झेडएफएस ही फाइल सिस्टिम खुली केली, परंतु सीडीडीएल परवान्याखाली. लिनक्स कर्नलचा परवाना जीपीएल. दोन्ही मुक्त, तरी त्यांच्या अटी परस्परांशी जुळत नाहीत. त्यामुळे झेडएफएस मूळ कर्नलबाहेरच, जोड-मॉड्यूल म्हणून राहिले.

बाहेर राहण्याची किंमत जबर असते. कर्नलची अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे बंधन त्याचे विकासक मानत नाहीत. २०१९ च्या ५.० आवृत्तीत एक सोय केवळ जीपीएल संहितेपुरती राखली गेली आणि झेडएफएसची चेकसमची गणिते मंदावली.

हे निस्तरायचे कोणी? फेडोराने असली मॉड्यूल्स वितरणात घेण्याचेच नाकारले. ज्याला हवे त्याने ते मूळ कर्नलमध्ये न्यावे. भूमिका कठोर, पण प्रामाणिक. डेबियनने सोर्स कोड दिला. बांधणी वापरकर्त्याच्या यंत्रावर, डीकेएमएसद्वारे. उबुंटूने मात्र एप्रिल २०१६ मध्ये, १६.०४ आवृत्तीत, तयार मॉड्यूलच दिले. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, हा जीपीएलचा भंग ठरवला होता. कॅनॉनिकलने ते मानले नाही.

सन कंपनी २०१० मध्येच ओरॅकलकडे गेली होती. ओरॅकलचे अधिकृत पत्र आल्याखेरीज झेडएफएस कर्नलमध्ये घेणार नाही, असे लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले.