सदोष हवामान-निरीक्षणांची छाननी

हवामान केंद्राकडून आलेला आकडा अंदाजाच्या मॉडेलमध्ये घ्यायचा की नाही, आणि घेतला तर त्याला किती वजन द्यायचे, हे ठरवण्याची पद्धत. संगणकीय अंदाजाची सुरुवात ‘आत्ता हवा कशी आहे’ या चित्रापासून होते. मॉडेलचाच काही तासांपूर्वीचा अंदाज आणि ताजी निरीक्षणे यांची सांगड घालून ते चित्र तयार करतात. या क्रियेला डेटा अ‍ॅसिमिलेशन म्हणतात. चुकीचे निरीक्षण इथे शिरले तर त्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक तासात पसरत जातो.

प्रस्तुत नोंद बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात आहे. या जिल्ह्यात ‘अंदाज’ म्हटले की आधी अक्षय्य तृतीयेला भेंडवळला होणाऱ्या घटमांडणीचे नाव निघते. तिथे यंत्राचा प्रश्न येत नाही, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही.

दोष कुठे शिरतो

स्वयंचलित केंद्रातला पर्जन्यमापक बहुधा टिपिंग बकेट प्रकारचा असतो. नरसाळ्यातून उतरलेले पाणी खाली एका आसावर तोललेल्या दोन छोट्या बादल्यांपैकी एकीत पडते. ठरावीक पाणी, म्हणजे ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पावसाइतके, साचले की ती बादली कलंडते, दुसरी वर येते आणि विद्युतपरिपथात एक ठोका नोंदला जातो. ठोके मोजले की पाऊस कळला. यंत्र इतके साधे असल्यामुळे त्याचे दोषही साधे असतात. नरसाळ्याच्या तोंडाशी पालापाचोळा, पाखरांची घाण किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर अडकले की बाहेर पाऊस धो धो कोसळत असतानाही यंत्र शून्य दाखवते. पुढे ऊन पडल्यावर तुंबलेले पाणी थेंबाथेंबाने उतरते आणि निरभ्र दुपारी रिमझिम पावसाची नोंद होते. नरसाळे स्वच्छ असले तरी मुसळधार पावसात, बादली कलंडत असतानाच्या क्षणी पडणारे काही पाणी हिशेबातून निसटते. म्हणजे जो पाऊस नीट मोजायला हवा, त्यातच हे यंत्र कमी मोजते. हा दोष दुरुस्तीचे सूत्र लावून बऱ्याच अंशी घालवता येतो, अडकलेला पालापाचोळा मात्र सूत्राने निघत नाही.

तापमानाच्या संवेदकाभोवती पांढऱ्या तबकड्यांची ढाल असते. ती धुळीने मळली की ऊन शोषते आणि दुपारचे तापमान फुगते. उन्हाळ्यात नांगरून टाकलेल्या काळ्या रानाच्या मधोमध केंद्र असेल तर ढाल मळायला वेळ लागत नाही. बॅटरी उतरणे, मोबाइलची रेंज जाणे, संवेदकाची जोडणी ढिली होणे हे नेहमीचेच. घड्याळाचा घोळ लवकर लक्षात येत नाही. जागतिक प्रमाणवेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते आणि हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो. रात्रीचा पाऊस चुकीच्या वेळेसह पोचला तर आकडा खरा असूनही वाराच्या हिशेबाने खोटा ठरतो.

दाबाच्या बाबतीत चूक यंत्रात नसून कागदावर असू शकते. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर साधारण ९ मीटर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. केंद्राची उंची नोंदवताना वीस-पंचवीस मीटरची गफलत झाली, तर उत्तम बॅरोमीटरही कायम दोन-अडीच हेक्टोपास्कलने चुकतो.

नागपूरचे ५६ अंश

विदर्भातले सर्वांत गाजलेले उदाहरण मे २०२४ चे आहे. ३० मे रोजी नागपुरात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतातील हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. सोनेगावच्या केंद्राने ५४ दाखवले. नागपूर परिसरातल्या उरलेल्या दोन केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. भारतातला अधिकृत उच्चांक राजस्थानातील फलोदीचा, ५१ अंश, १९ मे २०१६ चा. नागपूर तो एकाच दुपारी पाच अंशांनी मोडेल हे संभवनीय नव्हते. इलेक्ट्रॉनिक संवेदकातील बिघाडामुळे आकडा चुकला, असे प्रादेशिक हवामान केंद्राने स्पष्ट केले. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश नोंदवले होते. त्याची तपासणी झाली तेव्हा तिथला संवेदक प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले.

बातम्यांत ५६ चा गाजावाजा जास्त झाला, पण मॉडेलच्या दृष्टीने मुंगेशपूरचे ३ अंश अधिक घातक आहेत. ते का, हे छाननीच्या चाळण्या पाहिल्यावर कळते.

चाळण्या

पहिली चाळणी शक्याशक्यतेची. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनानुसार हवेच्या तापमानाची ढोबळ मर्यादा उणे ८० ते अधिक ६० अंश अशी आहे. नागपूरचे ५६ या चाळणीतून सहज खाली पडतात! म्हणून स्थानिक हवामानानुसार महिन्यागणिक मर्यादा लावाव्या लागतात. दुसरी चाळणी काळाची: तापमान एका मिनिटात ३ अंशांहून जास्त उडी मारत असेल तर शंका, आणि तासभर ०.१ अंशही हलत नसेल तरीही शंका. तिसरी आपसातल्या मेळाची: दवबिंदू तापमानापेक्षा वर जाऊ शकत नाही, किमान तापमान कमालपेक्षा जास्त असू शकत नाही. चौथी शेजाऱ्यांशी ताडून पाहण्याची. सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञ लेव गांदिन यांनी १९६३ मध्ये निरीक्षणांच्या वस्तुनिष्ठ विश्लेषणाची जी सांख्यिकी मांडणी केली, तिच्यातून ही तुलना गणिती झाली. भोवतालच्या केंद्रांवरून एखाद्या केंद्राचा आकडा किती यायला हवा हे काढायचे आणि प्रत्यक्ष आकडा त्याशी पडताळायचा.

पाचवी चाळणी मॉडेलच्या पूर्वअंदाजाची, आणि खरा निवाडा बहुधा इथेच होतो. समजा, मेमधल्या एका दुपारी बुलढाण्यासाठी मॉडेलचा पूर्वअंदाज ४१ अंश आहे आणि त्यात २ अंशांची प्रमाणित त्रुटी गृहीत आहे. केंद्राच्या निरीक्षणाची त्रुटी १.५ अंश धरली. दोहोंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की २.५ येते, हे मोजमापाचे एकक. केंद्राने ४४ दाखवले तर फरक ३ अंशांचा, म्हणजे १.२ एककांचा. निरीक्षण ग्राह्य धरले जाते, त्याला ४ भागिले ६.२५ म्हणजे ०.६४ वजन मिळते आणि अंतिम तापमान ४२.९ ठरते. केंद्राने ५६ दाखवले तर फरक सहा एककांचा होतो आणि आकडा फेकला जातो. न तपासता घेतला असता तर मॉडेलने बुलढाण्यात ५०.६ अंश धरून अंदाज सुरू केला असता.

मुंगेशपूरसारखी ३ अंशांची कायमची चूक मात्र या उदाहरणातल्या १.२ एककांइतकीच भरते. ती रोज दारातून आत येते आणि रोज मॉडेलला थोडे तापवते. तिला पकडायचे तर एका दिवसाचा आकडा पाहून भागत नाही, महिन्याभराच्या फरकांची सरासरी काढावी लागते. यादृच्छिक चुका तीस दिवसांत एकमेकींना बऱ्याचशा खोडतात, २.५ चा पसारा साधारण अर्ध्या अंशावर येतो आणि त्यात ३ अंश ठळक उठून दिसतात. असे केंद्र मग काळ्या यादीत टाकतात किंवा त्याच्या आकड्यातून कायमची चूक वजा करून घेतात.

घाटावर आणि घाटाखाली

ही सरासरीची कसोटी, आणि शेजाऱ्यांशी तुलनाही, बुलढाण्यात डोळे मिटून लावता येत नाही. जिल्ह्याचे बोलीतच दोन भाग आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा हा घाटावरचा भाग अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पठारावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्याला आले की साडेतीनशे-चारशे मीटरची चढण होते. हजार मीटरला साडेसहा अंश या नेहमीच्या दराने तापमानातला फरक अडीच अंशांच्या आसपास जातो, आणि कोरड्या उन्हाळी दुपारी त्याहून जास्त. शेजाऱ्यांशी तुलना करणारा प्रोग्रॅम उंचीची दुरुस्ती न करता चालवला, तर घाटावरचे प्रत्येक धड केंद्र घाटाखालच्या केंद्रांच्या तुलनेत सदोष ठरेल.

मॉडेलची स्वतःची अडचण वेगळी आहे. बारा किलोमीटरच्या जाळीत ९,६६१ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा अवघ्या ६७ चौकोनांत बसतो. एकाच चौकोनात घाटमाथा, उतार आणि पायथा येतात आणि मॉडेल त्यांची सरासरी उंची घेते. समजा ती ४८० मीटर भरली. प्रत्यक्ष केंद्र ६५० वर आहे. मॉडेल मग कायम सुमारे १.१ अंश उष्ण राहील आणि दोष केंद्राच्या माथी येईल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली, मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम सहा किलोमीटरची जाळी वापरते. त्यामुळे घाट थोडा अधिक स्पष्ट दिसतो, पण राजूर घाटाची कडा सहा किलोमीटरपेक्षा फारच अरुंद जागेत चढते.

खरे निरीक्षण बाद होणे

चाळणी बारीक केली की चुकीचे आकडे अडतात, त्यांच्याबरोबर खरी टोकाची हवाही अडते. हा दुसरा धोका पहिल्याहून मोठा आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण अंदाजाची गरज नेमकी अशाच दिवशी असते. डिसेंबर १९९९ च्या अखेरीस फ्रान्सवर भीषण वादळे आली. त्यांतील दाबाची बरीच खरी निरीक्षणे पूर्वअंदाजापासून फार दूर असल्यामुळे स्वयंचलित छाननीत मागे पडली होती, असे नंतरच्या फेरविश्लेषणांत दिसून आले. मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाच्या युरोपीय केंद्रात एरिक अँडरसन आणि हेइक्की यार्विनेन यांनी १९९९ मध्येच निरीक्षणाचे वजन त्याच्या विश्वासार्हतेप्रमाणे आपोआप घटवणारी पद्धत मांडली होती. २००९ पासून तिथे स्विस संख्याशास्त्रज्ञ पीटर हूबर यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र वापरात आले. त्यात दूरचे निरीक्षण एकदम शून्य होत नाही. त्याचे म्हणणे कमी आवाजात, पण ऐकले जाते.

पावसाला हा प्रश्न जास्त लागू पडतो. जुलै २०२३ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. अशा ढगफुटीसदृश पावसात एका गावात पाणीच पाणी आणि दहा किलोमीटरवर रस्ता कोरडा, हे नेहमीचे आहे. शेजाऱ्यांशी न जुळणे हा तिथे यंत्राचा दोष नसून पावसाचा स्वभाव असतो. तिसरा साक्षीदारही जवळ नाही: नागपूरचे डॉपलर रडार बुलढाण्यापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा झोत इथे पोचेपर्यंत जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंच गेलेला असतो.

मॉडेलबाहेरचा आकडा

जमिनीवरच्या केंद्रांपैकी जागतिक मॉडेलांना सर्वांत उपयोगी पडतो तो दाब. तापमान आणि आर्द्रता मुख्यत्वे जमिनीतील ओलाव्याच्या हिशेबात जातात. पर्जन्यमापकाचा आकडा सहसा मॉडेलमध्ये थेट घालत नाहीत, तो अंदाज पडताळायला आणि उपग्रहाच्या पावसाशी जोडायला वापरतात. म्हणजे तुंबलेल्या नरसाळ्याने उद्याचा अंदाज फारसा बिघडत नाही.

शेतकऱ्याचे मात्र त्याने बिघडते. महाराष्ट्र शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पात २०१७ पासून स्कायमेट कंपनीमार्फत महसूल मंडळनिहाय, राज्यभरात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांचा मार्ग मोकळा होतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तर ठरलेल्या मुदतीत पाऊस किंवा तापमान ‘ट्रिगर’च्या पलीकडे गेले का, यावरच भरपाई अवलंबून असते, संत्रा बागायतदाराला हे सगळे तोंडपाठ असते. अर्ध्या मिलिमीटरच्या बादलीने ६५ मिलिमीटर म्हणजे १३० ठोके. काडीकचऱ्यामुळे पाच ठोके कमी पडले तर आकडा ६२.५ होतो आणि मंडळच्या मंडळ बाहेर राहते.

मॉडेलमध्ये याच आकड्याला १.५ अंशांसारखी त्रुटी, ०.६४ सारखे वजन, शेजाऱ्यांची साक्ष असे सगळे मिळाले असते. विम्याच्या आणि मदतीच्या नियमात निकष एका रेषेचा आहे: आत किंवा बाहेर. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘विंड्स’ या उपक्रमात ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक नेण्याचे उद्दिष्ट आहे. ते पूर्ण झाले तर एका मंडळात पावसाचे अनेक साक्षीदार असतील आणि शेजाऱ्यांशी पडताळा घेण्याची मॉडेलमधली चौथी चाळणी भरपाईच्या आकड्यालाही लावता येईल. त्यासाठी एक मंडळ, एक केंद्र, एक आकडा हा नियम आधी बदलावा लागेल.