गणिताच्या छपाईत आपली अक्षरे

संगणकावर गणिताची प्रश्नपत्रिका जुळवताना समीकरणे नेटकी उमटतात. पण त्यांत ‘क्षेत्रफळ’ हा शब्द घातला की रिकामे चौकोन किंवा भलतीच चिन्हे दिसतात. आमचे शिक्षक याचे खापर देवनागरीच्या जोडाक्षरांवर फोडतात. मला ते पटत नाही. या अडचणीला इतिहास आहे.

१९७७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड कनूथ आपल्या ग्रंथाची मुद्रिते पाहून नाराज झाले आणि गणिताच्या छपाईसाठी त्यांनी ‘टेक’ ही प्रणाली रचायला घेतली. तीत अक्षरांसाठी १२८ जागा होत्या. इंग्रजीला त्या पुरल्या. फ्रेंच लेखकाला मात्र स्वरावरचे चिन्ह वेगळ्या आज्ञेने चढवावे लागे, आणि असा शब्द ओळीच्या शेवटी नीट तुटत नसे. युरोपातील मंडळींनी हे गाऱ्हाणे नेटाने मांडले. १९८९ साली कनूथ यांनी ते मान्य केले. जागा २५६ झाल्या.

देवनागरीची वाट १९९१ मध्ये उघडली. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी तिच्यासाठी टंक सिद्ध केला. मात्र मजकूर रोमन लिपीत लिहून द्यावा लागे. त्याच वर्षी आलेल्या ‘युनिकोड’ने भारताच्या १९८८ च्या संकेतावरून देवनागरीला क्रमांक दिले. २००४ साली जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’मुळे गणिताशेजारी थेट मराठी लिहिता येऊ लागले.

मग आजही घोटाळा का होतो? ‘क्षि’ म्हणजे क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार क्रमांक. प्रचलित ‘यूटीएफ-८’ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात. जुन्या वळणाची प्रणाली या बाराही बाइटांना स्वतंत्र अक्षरे समजते. म्हणून भलती चिन्हे दिसतात. चौकोन दिसले तर क्रमांक बहुधा बरोबर पोचलेला असतो, पण टंकात ते अक्षर नसते. सूत्रांचे टंक बहुधा रोमन व ग्रीक अक्षरांचेच असतात. म्हणून धारिका ‘यूटीएफ-८’मध्ये जतन करावी, देवनागरीचा टंक निवडावा आणि सूत्रातला मराठी शब्द ‘मजकूर’ म्हणून वेगळा नोंदवावा.

दोष लिपीचा नव्हे, तिला दिलेल्या जागेचा होता. युरोपीयांनी मागितली, तेव्हा ती वाढली. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांनी गणित कोणत्याही भाषेत शिकावे. पण मराठीत गणित मांडता येत नाही, असे केवळ चौकोन पाहून त्यांना वाटू देऊ नये.