शब्दकोड्याची चौकट

आडव्या-उभ्या शब्दांचं पहिलं कोडं चौकोनी नव्हतं आणि त्यात काळी घरंही नव्हती. 21 डिसेंबर 1913च्या रविवारी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' दैनिकाच्या 'फन' पुरवणीत ते छापून आलं. रचणारे आर्थर विन मूळचे लिव्हरपूलचे. आडवे वाचा की उभे, तेच शब्द येणारे शब्दचौरस इंग्लंडमध्ये जुनेच होते. विन यांनी आडवे शब्द वेगळे आणि उभे वेगळे केले, सगळ्यांना सूचक वाक्यं दिली आणि आकृती काढली ती पत्त्यांतल्या चौकटची, मधोमध पोकळ. माथ्यावर 'फन'ची तीन इंग्रजी अक्षरं आयती भरलेली, त्याखाली पाच, मग सात. शब्द कुठून कुठे जातो हे सांगायला दोन्ही टोकांच्या घरांचे आकडे दिलेले. एक सूचक वाक्य होतं: हे कोडं कसं आहे? उत्तर: 'हार्ड'. 'डव्ह' हे उत्तर मात्र दोनदा आलं होतं.

विन यांनी बी पेरलं, पण कोड्याला शिस्त लावली मार्गारेट पेथरब्रिज यांनी, आणि मला त्यांचं काम अधिक मोलाचं वाटतं. 'वर्ल्ड'मध्ये कोड्यांचं काम आलं तेव्हा त्या ती न सोडवताच छापायला देत. वाचकांच्या तक्रारी येतच होत्या. एकदा स्वतः पेन्सिल घेऊन बसल्या, तेव्हा चुकलेले आकडे आणि न जुळणारी सूचक वाक्यं त्यांना दिसली. तिथून पुढे तपासल्याशिवाय कोडं जाईना. 1924मध्ये सायमन आणि शुस्टर यांनी शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, सोबत पेन्सिल जोडून. त्याच्या तीन संपादकांत त्या होत्या. दोन अक्षरी शब्द बाद झाले. कागद उलटा धरला तरी काळी घरं त्याच जागी दिसावीत, हा दंडक रुळला. पुढे 1942मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने शब्दकोडं सुरू केलं, तेव्हा पहिल्या संपादक त्याच, आता मार्गारेट फरार या नावाने.

मराठीत घराचा हिशेबच निराळा. एका घरात सहसा काना-मात्रेसकट अख्खं अक्षर, जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे आडव्या 'पुस्तक'मधल्या 'स्त'वरून उभा 'रस्ता' नेता येत नाही. तिथे 'मस्तक' लागतं, नाहीतर 'हस्त'.